डावे पुढे, उजवे मागे

आमच्या दुकानात बूट विकायचे तर दोन माणसं लागायची. डावा बूट पुढच्या खोलीत दोरीला टांगलेला असे आणि त्याचा उजवा जोडीदार मागच्या खोलीत फळीवर. ही पद्धत माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या तरुणपणी दुकानातून एकदा बूट चोरीला गेले, तेव्हापासून मामंजींनी ठरवून टाकलं की जी वस्तू दोन तुकड्यांची आहे तिचा एकच तुकडा गिऱ्हाइकासमोर ठेवायचा. कुलूप पुढे, किल्ली मागे. कंदील पुढे, त्याची काच मागे पेंढ्यात. बरणी पुढे, झाकण मागे. कुऱ्हाडीचं पातं पुढे, दांडा मागे. ते म्हणायचे, "नेऊ दे चोराला डावा बूट. लंगडत जाईल आणि सापडेल."

मामंजी गेले, पद्धत राहिली. पुढे माझे यजमान बसायचे आणि मागे त्यांचा धाकटा भाऊ. ह्यांना बोलायला भारी आवडायचं. गिऱ्हाईक पायरी चढून काउंटरपर्यंत येईतो त्याच्या घरची निम्मी चौकशी झालेली असे. साबणाच्या वड्या, सुतळीचे गुंडे, खिळे, बटणं, मेणबत्त्या, पत्र्याच्या बादल्या, सगळं ह्यांच्या हाताशी. दोन तुकड्यांची वस्तू निघाली की हे मान मागे वळवून हाक द्यायचे, "आठ नंबर, काळा." मधल्या दारातून एक हात उजवा बूट घेऊन पुढे यायचा आणि बूट ठेवून परत जायचा. गावातल्या कितीतरी लोकांनी धाकट्याचा हात तेवढा पाहिलेला होता.

सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा धाकटा माझ्या कमरेला लागत होता आणि जेवून उठला की माझ्या पदराला हात पुसत होता. मला पुढे मूल झालं नाही. त्याचं डोकं दुखलं, त्याला कापलं, त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं, हे सगळं माझ्याकडे आलं, आणि त्यात माझी वर्षं बरी गेली.

मागे कोण आहे असं कुणी विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आमचा उंदीर आहे. काय हवं ते बिळातून काढून देतो." धाकटा लहान होता तेव्हा त्यालाही त्यात मजा वाटायची. तो आतून चूं चूं करायचा आणि गिऱ्हाईक हसायचं. मग त्याला मिशा आल्या, त्याचं लग्न झालं, तरी उत्तर तेच राहिलं. ह्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. विनोद जुना झाला की तो सांगणाऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच.

लग्नानंतर धाकट्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या धाकटीचा, भाऊ शहरातून पहिल्यांदाच भेटायला आला. दुकानात पाऊल टाकून त्याने विचारलं, "आमचे दाजी कुठे आहेत?"

"उंदीर ना?" हे सवयीने म्हणाले. "आत आहे. हाक मारा, येईल."

धाकटा हाकेची वाट न बघता बाहेर आला. हातात कंदिलाची काच होती, तिला पेंढा चिकटलेला. ती त्याने जपून काउंटरवर ठेवली.

"दादा, उद्यापासून मी पुढे बसतो."

"बस की," हे हसत म्हणाले. "पण पुढे बसायला तोंड लागतं."

"मला आहे तोंड."

"कुणी पाहिलंय?"

दुकानातली माणसं हसली. धाकटीचा भाऊ हसला नाही. धाकटाही हसला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने वाटणी मागितली.

दोघे भाऊ हट्टी, पण आरडाओरडा करणारे नव्हेत. मोजमाप नको, कटकट नको, म्हणून त्यांनी लोहाराला साक्षीला बसवलं आणि चहा संपायच्या आत वाटणी केली. पुढची खोली आणि तिच्यातला सगळा माल थोरल्याचा. मागची खोली आणि तिच्यातला सगळा माल धाकट्याचा. मागच्या खोलीला बोळात उघडणारं एक दार होतं, गाडीतून माल उतरवायला ठेवलेलं. तिथे धाकट्याचं दुकान. मधलं दार ह्यांनी लोटलं आणि आपल्या बाजूने कडी घातली. दोघांना वाटणी पटली. लोहाराला पटली. मी दारात उभी होते, मलाही पटली. इतकी समसमान वाटणी गावात झाली नसेल असं लोहार म्हणाला. आम्ही बुटांचे जोड मधोमध तोडलेत, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक लोहारच. त्याला कुलूप हवं होतं. ह्यांनी चार दाखवली, त्याने एक उचललं, हातात खालीवर केलं.

"कुलूप मजबूत आहे," तो म्हणाला. "उघडायचं कशाने?"

ह्यांनी मान मागे वळवली, तोंडही उघडलं, आणि बंद दार बघून मिटलं.

"किल्ली बोळात मिळेल."

लोहार इमारतीला वळसा घालून बोळात गेला. तिथे धाकट्याने दाराच्या चौकटीला ओळीने उजवे बूट टांगले होते आणि खाली झाकणांची रास मांडली होती. किल्ली घेऊन लोहार परत आला तो आमच्या पायरीवर बसूनच राहिला.

"शेठ, पुढे डाव्या पायाचं दुकान, मागे उजव्या पायाचं. गावाने काय लंगडी घालायची?"

"ज्याला हवं त्याने घालावी," हे म्हणाले.

वाटणी चुकली हे दोघांना त्याच दिवशी कळलं होतं. पण दुरुस्त करायची तर कुणीतरी आधी आवाज द्यायला हवा होता. हे म्हणत, ज्याने वाटणी मागितली त्याने दार ठोठावावं. धाकटा म्हणे, जन्मभर आवाज त्यांनीच दिलाय, आताही तेच देतील. मधलं दार दोघांचं ऐकत उभं होतं.

चूल मात्र एकच राहिली. तिची वाटणी आम्ही दोघी जावांनी होऊ दिली नाही. हे आधी जेवायचे, मग धाकटा. आणि दुपारी हे आडवे झाले की आमचं दुकान सुरू व्हायचं.

धाकटी स्वयंपाकघरात येऊन कुजबुजायची, "ताई, चार नंबरचा डावा द्या ना. सकाळपासून एक बाई एक पाय घालून बसलीय."

"आणि मला दोन काचा दे. ह्यांनी काचेशिवाय कंदील विकलाय, माणूस परत येणार आहे."

"लहान काच की मोठी?"

"मला काय विचारतेस? तुझ्या नवऱ्याला विचार."

"त्यांना विचारलं तर ते म्हणतील, कुणाला हवीय."

मला तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे बुटाच्या तळावरचे नंबर मी वळणावरून ओळखायचे आणि सहाचा नऊ व्हायचा. पदराखालून असे किती बूट गेले आणि आले. आम्ही लपवत होतो आणि दोघांनाही कळत होतं. एकदा ह्यांना खोक्यात डावाउजवा जोडीने ठेवलेला दिसला. त्यांनी जोडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जोड विकून टाकला.

असं दुकान चालत नाही. आधी लोकांना गंमत वाटली, मग वळसा घालायचा कंटाळा आला. बाजाराच्या गावाला बस जात होती. तिथे बूट खोक्यात जोडीने मिळत, कुलपाला किल्ली बांधलेली असे. आमच्या पायरीवर दुपारी कुत्रं झोपायला लागलं आणि त्याला उठवायची वेळ येईनाशी झाली.

मग एकदा जेवता जेवता धाकटा मला म्हणाला, "वहिनी, मागची खोली द्यायचं म्हणतोय. धान्याचा व्यापारी विचारतोय, पोती ठेवायला."

"आणि तू?"

"शहरात. हिच्या भावाने एक दुकान बघितलंय. मोठं आहे. आलेल्या माणसाला या म्हणायचं, बसवायचं, दाखवायचं. पुढे उभं राहायचं काम आहे."

'पुढे' म्हणताना त्याने ताटातली नजर वर केली. मी त्याला वाढत राहिले. तू गेलास तर माझ्या घरातलं मूल जाईल, हे मी बोलले नाही. बोलले असते तर तो राहिला असता, आणि मागच्याच खोलीत राहिला असता.

ह्यांना मात्र सांगितलं. "धाकटा जातोय. मागची खोली विकतोय."

"जाऊ दे. त्याची खोली आहे," हे म्हणाले, आणि चहात साखर कधीच विरघळली होती तरी चमचा फिरवत बसले.

धाकटा आणि धाकटी ती जागा बघायला सकाळच्या बसने शहरात गेली. व्यापाऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं, पण त्याची गाडी आधीच इकडे निघाली म्हणून तो त्याच दुपारी आला. बोळातलं दार त्याला काय माहीत? तो सरळ पुढच्या पायरीवर.

"मागची खोली बघायची होती."

बोळाच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली धाकट्याच्या खिशात, शहरात. भावाशी बोलणं नाही हे परक्या माणसाला सांगायची ह्यांना लाज वाटली असावी. "या की," म्हणून ते उठले आणि मधल्या दाराकडे गेले. कडी गंजली होती, हलेना. हातोडी घ्यायला गेले तर तिचा दांडा आत. शेवटी तराजूचं एक मोठं वजन उचलून ह्यांनी कडी ठोकून काढली.

आत पाऊल टाकल्यावर काही दिसेना. मी कंदील पेटवून आणला. काच आतच असल्यामुळे कंदील उघडा होता, ज्योत इकडून तिकडे पळत होती. पेंढ्याचा आणि रॉकेलचा वास. फळ्यांवर किल्ल्यांचे डबे, झाकणं एकात एक बसवलेली, काचा रांगेत.

"खिडकी नाही?" व्यापाऱ्याने विचारलं.

"होती," हे म्हणाले. "बुजवली. फळ्यांना जागा हवी होती."

"कुणी बुजवली?"

"मीच."

"छान केलंत. पोत्यांना उजेड नसलेला बरा." तो पावलं टाकून लांबीरुंदी मोजत होता, माणूस सज्जन होता, सहज बोलत होता. "माणसाला नाही चालायची ही खोली. चार तास बसवलं तर वेड लागेल. पण पोत्यांना एकदम उत्तम."

व्यापारी उद्या येतो म्हणून गेला. हे आत राहिले.

मी काउंटरपाशी उभी राहिले. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी डोकावले. धाकट्याच्या स्टुलावर हे बसले होते आणि भिंतीकडे बघत होते. भिंतीला हाताएवढा आरसा अडकवलेला होता, तिरका, मधल्या दाराकडे तोंड करून. मीही वाकून बघितलं. त्यात पुढच्या काउंटरचा एक तुकडा दिसत होता, गिऱ्हाइकाचे हात जिथे येतात तेवढा, आणि त्याच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाची पाठ.

"हा कधी लावला त्याने?" हे म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं. मी त्या खोलीत कितीदा आले असेन, पण त्याच्या स्टुलावर कधी बसले नव्हते.

तेवढ्यात पुढे लोहार आला. त्याला बिजागरी हवी होती. मी बिजागरी शोधायला लागले.

"शेठ कुठे गेले?"

"आहेत इथेच."

"नसले तरी चालेल, वहिनी, रागावू नका. मला हवी असते एक बिजागरी आणि मी घरी घेऊन जातो अख्ख्या गावाची बातमी. मध्ये एखादा शब्द टाकू म्हटलं तर फट नसते. मागे तो होता ना, त्याचं बरं होतं. काय हवं ते नीट ऐकून घ्यायचा. शेठनी आठ नंबर सांगितला आणि मी नऊ म्हटलेलं असलं तर आतून नऊच यायचा. शेठना वाटायचं, आपण बरोबर सांगितलं."

मी आरशाकडे बघायचं टाळलं. लोहार बिजागरी घेऊन गेला.

"ऐकलंत?" मी आत जाऊन विचारलं.

"इथून सगळं ऐकू येतं," हे म्हणाले. "माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, तोसुद्धा."

चहा दिला तो त्यांनी तिथेच घेतला. दिवस कलला, बसचा भोंगा वाजला, थोड्या वेळाने बोळातलं कुलूप निघालं. धाकटा दारात उभा राहिला. मागे पिशवी घेऊन धाकटी.

"दादा? तुम्ही इथे?"

"व्यापारी आला होता. खोली दाखवली त्याला."

"बरं."

"आवडली त्याला."

"बरं."

"मला नाही आवडली." ह्यांनी हात फिरवून फळ्यांकडे दाखवलं. "तुला एवढा अंधार होत होता तर एकदा सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होता."

मी उघडा कंदील हातात धरून उभी होते आणि कुणी मला ठेव म्हणत नव्हतं.

"शहरातलं दुकान कसं आहे?" ह्यांनी विचारलं.

"मोठं आहे. पुढे सगळी काच. त्यांनी मला दारात उभं करून बघितलं. आलेल्याला या म्हणायला सांगितलं."

"म्हटलंस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा बरं जमलं."

"मग इथे म्हण," हे म्हणाले. "उद्यापासून पुढे तू बस. मी इथे बसतो."

"तुम्हाला इथलं काही सापडायचं नाही."

"शिकेन."

"बोलल्याशिवाय करमायचं नाही तुम्हाला."

"नाही करमणार." हे स्टुलावरून उठले. "तुला करमत होतं का?"

धाकटा माझ्याकडे बघायला लागला, लहानपणी बघायचा तसा, आणि मी नजर फिरवली. हे त्याचं त्यानेच ठरवायचं होतं.

धाकटीने पिशवी धाडकन खाली ठेवली. "दोघे भाऊच ठरवणार का सगळं? मी शहरात खोली बघून आलेय. तिला खिडकी आहे."

आजवर ती ह्यांच्याशी एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. हेही तिच्याशी कधी थेट बोलले नव्हते, आता बोलले. "उद्या इथली खिडकी फोडतो. हिवाळा संपेपर्यंत बघ. नाही पटलं तर मी स्वतः त्या व्यापाऱ्याला बोलावून आणीन आणि तुमचं सामान बसवर चढवीन."

"आणि परत कुणी उंदीर म्हटलं तर?"

"तर त्याच दिवशी जा."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं ते बोला. तोंड आहे म्हणता ना?"

"मला इथेच पुढे बसायचंय," धाकटा म्हणाला. "तिथे कुणी मला ओळखत नाही. इथेही नाही ओळखत. पण मी सगळ्यांना ओळखतो."

"हिवाळा संपेपर्यंत," धाकटी म्हणाली. "एक दिवस जास्त नाही." भरलेली पिशवी तिने तशीच खुंटीला टांगली, आपल्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून. मी रोज जाता येता तिच्याकडे बघायचे. पुढे ती कधी रिकामी झाली ते मला नक्की सांगता येत नाही. एकदा बघितलं तर तिच्यात कांदे होते.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला धाकट्यानेच नाही म्हणून सांगितलं, दारात उभं राहून. मग ह्यांनी पहार घेतली आणि बुजवलेली खिडकी फोडली. धुरळा पार माझ्या चुलीपर्यंत आला.

दुपारी पोस्टमन आला. त्याचे बूट नेहमीच झिजलेले.

"या," धाकटा म्हणाला.

पोस्टमन जरा बावचळला. "शेठ नाहीत?"

"आत आहेत."

"मग आज बोलणार कोण?"

धाकटा नुसता हसला. दोरीवरचा डावा बूट काढून त्याने पोस्टमनच्या पायाशी ठेवला, पोस्टमनने घालून बघितला, ठीक आहे म्हणाला. धाकट्याने मागे वळून बेताच्या आवाजात सांगितलं, "नऊ नंबर, तपकिरी."

आत काहीतरी पडलं. मग एक डबा बराच वेळ घरंगळत राहिला. पोस्टमन एका पायात नवा बूट घालून बसला होता. त्याला गावची बातमी सांगायला कुणी नव्हतं. थोडा वेळ त्याने बादल्या बघितल्या, थोडा वेळ छत बघितलं, आणि मग आपणहूनच सांगू लागला की डावा गुडघा धरतो, चढ आला की जास्त, रात्री पाय लांब करता येत नाही, आणि हे घरी सांगितलं तर नोकरी सोड म्हणतील. धाकटा ऐकत होता.

हे बाहेर आले. केसांत खिडकीची माती, हातात बूट.

"हा आठ आहे, दादा."

"सगळे आठच आहेत तिथे."

"खालच्या फळीवर बघा. झाकणांच्या पलीकडे."

हे परत गेले. पोस्टमन काउंटरवर वाकून म्हणाला, "तुम्हीच जाऊन आणा ना. तुम्हाला अंधारातसुद्धा सापडेल."

धाकटा अर्धवट उठला, आणि पुन्हा बसला.

"आणतील ते," तो म्हणाला.

आतून धाकटीचा आवाज आला. ती खिडकीखालची माती भरत होती. "काय शोधताय, भाऊजी?" आणि ह्यांचा, "नऊ नंबर." आणि पुन्हा तिचा, "मग वर काय बघताय?"

पोस्टमनने घाई सोडली, भिंतीला पाठ टेकली आणि उजव्या गुडघ्याचं सांगायला घेतलं.